चार खेळींची घाई

“समोर पोरगी आहे, लवकर सुटशील बघ!” परभणीला मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धेत एका वडिलांनी आपल्या मुलाच्या पाठीवर थाप मारली. ती ‘पोरगी’ माझ्यासोबत सेलूहून आली होती. आमच्या बचत गटातल्या ताईंची लेक, वय दहा. ताईंना मजुरीचा खाडा परवडत नव्हता, म्हणून मी घेऊन गेले. आजीचा तर विरोधच. “पोरीच्या जातीला सोंगट्या हलवून काय मिळायलंय?”

पालकांना आत सोडत नाहीत. त्यामुळे डाव मला कळला तो परतीच्या गाडीत, तिच्या खेळी लिहिलेल्या कागदावरून. मुलानं दुसऱ्या खेळीला उंट काढला, तिसऱ्या खेळीला वजीर थेट पटाच्या कडेला. डोळा राजाच्या बाजूच्या उंटापुढच्या प्याद्यावर. त्या प्याद्याला सुरुवातीला एकट्या राजाचाच आधार असतो. उंटाच्या जोरावर वजीर तिथं बसला की चौथ्या खेळीला मात! नवशिकी मुलं पुष्कळदा इथंच संपतात. आमच्या पोरीनं घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं. वाट बंद, वर वजिरावरच हल्ला. तो मागं फिरून दुसऱ्या बाजूनं त्याच प्याद्यावर रोखला, तर तिनं मधे घोडा आणला. पुढं वजीर नुसता पळत राहिला आणि हिच्या सोंगट्या एकेक करून बाहेर पडल्या.

“मावशी, वजीर इतक्या लवकर घराबाहेर काढायचा नसतो,” ती म्हणाली. (आपल्याकडं हा नियम बायकांनाच लावतात!)

मला मात्र त्या वडिलांचं बोलणं डाचत होतं. १९७६ साली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांनी स्त्रियांना अडवता येणार नाही, असा निर्णय दिला. नागपूरची दिव्या देशमुख २०२४ मध्ये गांधीनगरला मुलींची ज्युनियर विश्वविजेती झाली, अकरापैकी दहा गुण मिळवून. २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ती ग्रँडमास्टरही झाली. मानवत रोड येईपर्यंत मी पोरीला हेच सांगत होते.

बक्षीस मिळालं नाही. सहापैकी तीन गुण आणि एक प्रमाणपत्र. ते बघून आजीनं तोंड फिरवलं. पोरीनं मुकाट्यानं पट मांडला आणि आईला तोच डाव दाखवू लागली. मी चपला घालत होते, तेवढ्यात आजीचा आवाज आला, “मग त्या वजिराचं काय झालं गं?”