ना डाग, ना पसारा: पिशवीतली रंगपेटी

जुहूत पाऊस लागला की चौपाटीच्या ओल्या वाळूत रेघोट्या मारणारी मुलं घरात अडकतात. परवा शेजारच्या ताईंनी विचारलं, "भिंती न माखता लेकाला रंगांत कसं खेळवू?" त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते.

अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर दोन वाट्या गार पाण्यात कालवा. थेट गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात. मंद आचेवर सतत ढवळा. घट्ट खळ झाली की पूर्ण गार होऊ द्या.

खळीत खायचा रंग मिसळून पातळसर थर झिपलॉक पिशवीत भरा. हवा काढा, तोंडाला सेलोटेप लावा, पिशवी पांढऱ्या कागदावर ठेवून चारही बाजू फरशीला चिकटवा. बोट फिरवलं की खळ सरकते, खालचा पांढरा कागद दिसतो. तळहाताने सारखं केलं की पाटी कोरी!

माझा लाडका प्रकार हळदीचा. रंगाऐवजी हळद मिसळलेल्या पिवळ्या खळीच्या एका कोपऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. मूल चेपत जाईल तसा रंग केशरी-लालसर होतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत रंग बदलतं. हळदीला चुना लावून कुंकू होतं, ते यामुळेच.

मुलांची नखं कापलेली असावीत आणि मोठं माणूस जवळ हवं. उरलेली खळ फ्रिजमध्ये ठेवा, वास आला की टाकून द्या.

काही अडलं तर खाली विचारा, नक्की सांगेन.