मॅंटिस श्रिंप कात टाकतो तेव्हा : मदत कसली आणि कधी?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत मॅंटिस श्रिंप पाळणारे त्याच्या ठोशाला वचकून असतात, आणि ते रास्तच आहे. २००४ मध्ये शीला पाटेक आणि सहकाऱ्यांनी मोरपंखी मॅंटिस श्रिंपचा, म्हणजे ओडोंटोडॅक्टायलस सिलॅरस या जातीचा, ठोसा वेगवान कॅमेऱ्याने मोजला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला तेवीस मीटरपर्यंत भरला. पूर्व आफ्रिकेपासून गुआमपर्यंतच्या प्रवाळी समुद्रात राहणारा हाच प्राणी हौशी लोकांत सर्वाधिक पाळला जातो. पण ठोशाचं बळ ज्या कवचावर उभं आहे ते कवच वाढत नाही. प्राणी मोठा व्हायचा तर जुनं टाकून नवं घडवावंच लागतं. पिल्लं वरचेवर कात टाकतात, मोठी जनावरं काही महिन्यांनी. या काळाभोवती जे गैरसमज आहेत त्यांचं मूळ एकच आहे : कात टाकणं ही एका रात्रीची घटना आहे आणि त्या रात्री मालकाने काहीतरी करायला हवं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती शरीराच्या आत बरेच दिवस चाललेली तयारी असते. मालकाला जे करता येतं ते त्या तयारीच्या आधी. नंतर उरतं ते हात आवरणं.

गैरसमज : खाणं सोडलं, बिळाचं तोंड बुजवलं, म्हणजे प्राणी आजारी पडला.

आदल्या आठवड्यापर्यंत चिमट्यातली कोळंबी हिसकावून घेणारा प्राणी अचानक अन्नाकडे पाठ फिरवतो. रंग मंदावतो, हालचाल कमी होते, आणि प्रवाळाचे तुकडे, शंख-शिंपल्यांची खडी ओढून आणून तो बिळाची तोंडं आतून बंद करून घेतो. हे दुखणं नाही, बंदोबस्त आहे. या काळात जुन्या कवचाखाली नवं कवच तयार होत असतं, जुन्याचा आतला थर विकरांनी विरघळतो आणि त्यातले काही क्षार शरीर परत घेतं. कवचधारी प्राण्यांच्या जठराच्या पुढच्या भागालाही आतून कवचाचंच अस्तर असतं आणि बाहेरच्या कवचाबरोबर तेही टाकलं जातं. पचनाच्या जागेचीच डागडुजी चालू असताना प्राणी जेवत नाही यात नवल नाही. मग खरा आजार ओळखायचा कसा, हा आक्षेप योग्य आहे. उत्तर प्राण्यात न शोधता पाण्यात शोधावं. अमोनिया आणि नायट्राइट शून्य आहे, क्षारता आणि तापमान स्थिर आहे, आणि प्राण्याने स्वतः बीळ बुजवलं आहे, तर थांबावं. तो उघड्यावर आडवा पडला असेल, तोल सांभाळू शकत नसेल किंवा पाण्याची चाचणी बिघडलेली असेल, तर ती वेगळी गोष्ट, आणि तेव्हा सुधारायचं ते पाणी. बीळ उकरून ‘जिवंत आहे का’ हे पाहण्याने निदान होत नाही, फक्त आसरा मोडतो.

गैरसमज : आयोडीनचे थेंब टाकले की कात सुटते.

हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की तो सिद्ध झालेलाच वाटतो. त्यामागचा तर्क बहुधा बेडकाकडून उसना आला असावा. बेडूकपिल्लाचं बेडकात रूपांतर घडवणारं थायरॉइडचं संप्रेरक आयोडीनवर अवलंबून असतं. कवचधाऱ्यांचं यंत्र मात्र निराळं आहे. त्यांना कात टाकायला लावणारी संप्रेरकं एक्डिस्टेरॉइड गटातली असतात. ती वाय-ऑर्गन नावाच्या ग्रंथीतून स्रवतात आणि त्यांच्या रेणूत आयोडीन नसतं. डोळ्यांच्या दांड्यांत असलेल्या ग्रंथीतून येणारं दुसरं संप्रेरक या ग्रंथीला एरवी रोखून धरतं. डोळ्याची दांडी काढली की खेकडे लवकर कात टाकतात, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रयोगांत दिसलं होतं. ‘पण मी आयोडीन टाकलं आणि चारच दिवसांत कात पडली’ असं सांगणारे खोटं बोलत नाहीत. काही महिन्यांनी कात टाकणारच असलेल्या प्राण्याच्या पाण्यात काहीही टाकलं तरी त्यानंतर कधीतरी कात पडतेच. पाठोपाठ घडलं म्हणून त्यामुळे घडलं असं होत नाही. उलट आयोडीनची जादा मात्रा विषारी असते, आणि मोजमाप न करता ओतलेले थेंब मात्रेबाहेर जायला वेळ लागत नाही.

या संप्रेरकांच्या रसायनातून खरा धडा मिळतो तो वेगळाच. एक्डिस्टेरॉइड कोलेस्टेरॉलपासून बनतात आणि कवचधारी प्राण्यांना कोलेस्टेरॉल स्वतः तयार करता येत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं. म्हणून सतत सोललेल्या कोळंबीचा एकच तुकडा देण्यापेक्षा खेकडे, शिंपले, गोगलगायी, अख्खी कोळंबी असा पालट ठेवणं हीच कात टाकण्याची खरी पूर्वतयारी. नवं कवच कडक करायला लागणारं कॅल्शियम समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे चारशे मिलिग्रॅम असतं आणि सागरी कवचधारी त्यातला मोठा वाटा थेट पाण्यातून ओढतात. चांगल्या मिठाचं पाणी आणि वेळच्या वेळी थोडं थोडं बदलणं, एवढ्याने ते पुरतं. हे सगळं बीळ बुजण्याआधी झालेलं असावं, कारण नंतर दिलेला खुराक पोटात जाणारच नाही.

गैरसमज : कात अडकली तर हलक्या हाताने ओढून काढावी.

कात टाकताना प्राणी पाणी शोषून फुगतो, पाठीच्या बाजूने जुनं कवच उकलतं आणि त्या फटीतून तो डोळ्यांच्या दांड्या, मिशा, पाय, कल्ले असं सारं ओढून बाहेर काढतो. त्या क्षणी नवं कवच कातड्याइतकं मऊ असतं. कोकणात पोकळ निघालेल्या चिंबोरीचा दोष चंद्राला दिला जातो, पण नुकतीच कात टाकलेली चिंबोरीही अशीच आत पाण्याने भरलेली आणि हलकी लागते. अशा देहाला चिमटा लावला तर जुनं कवच सुटत नाही, नवा अवयव तुटतो. एखादा पाय अडकून प्राण्याने तो गमावला, तरी पुढच्या एक-दोन कातींत तो पुन्हा उगवू शकतो. फाटलेल्या पाठीला तशी संधी नसते. क्षारता एकाएकी बदलणंही याच कारणाने टाळायचं, कारण फुगण्याचा सगळा हिशेब आतल्या आणि बाहेरच्या पाण्यातल्या क्षारांवर चालतो. मदत न करणं निष्ठुर वाटतं हे खरं, पण इथे आपल्या हातात इतकं बारीक हत्यारच नाही.

गैरसमज : बिळाबाहेर पडलेलं धड म्हणजे मेलेला प्राणी, किंवा ताबडतोब काढायचा कचरा.

टाकलेली कात हुबेहूब असते, डोळ्यांच्या टोप्यांसकट आणि मिशांच्या सुतासारख्या टोकांपर्यंत. पण नीट पाहिलं तर ती काचेसारखी आरपार दिसते, आतून पोकळ असते, पाठीवर उकललेली असते आणि तिला वास येत नाही. मेलेलं शरीर अपारदर्शक, गुलाबीसर होतं आणि लवकरच कुजका वास सुटतो. कात काही दिवस टाकीत राहू द्यावी. प्राणी ती कुरतडून काही क्षार परत मिळवू शकतो, आणि ती घ्यायला हात आत घालणं म्हणजे नको त्या वेळी बिळाशी जाणं.

गैरसमज : अंगावर येतो आहे, म्हणजे ठणठणीत झाला.

याचं उत्तर १९८३ मध्ये स्टेगर आणि कॅल्डवेल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात दिलं. आज निओगोनोडॅक्टायलस ब्रेडिनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या जातीत नुकतीच कात टाकलेले प्राणी ठोसा मारू शकत नसतानाही बिळाच्या तोंडाशी येऊन शिकारी पाय फाकवतात आणि घुसखोराला धमकावतात. ही शुद्ध थाप असते, आणि पुष्कळदा ती चालूनही जाते. पाळीव प्राणी पाय फाकवून दाखवतो तेव्हा म्हणूनच एवढंच कळतं की त्याला आपण नको आहोत. शिकारी पायाच्या टोकाची, खनिजांनी टणक होणारी ठोसा मारायची गदा पुन्हा कामाची व्हायला दिवस लागतात, मोठ्या जनावरात आठवडा किंवा अधिकही. तोवर जिवंत खेकडा टाकीत सोडला तर शिकार कोणाची होईल हे सांगता येत नाही. मॅंटिस श्रिंप स्वतःहून बीळ उघडून बाहेर येऊ लागला की आधी मऊ मांसाचा तुकडा द्यावा, आणि कवचाचं भक्ष्य त्यानंतर.

‘म्हणजे काहीच करायचं नाही, ही तर बेफिकिरी झाली’ असं कोणी म्हणेल. काम खूप आहे, फक्त ते आधीचं आहे. प्राण्याच्या लांबीच्या तीन-चार पट लांब, अंधारं, दोन तोंडांचं बीळ आणि ते बुजवायला पुरेशी खडी, सौम्य प्रकाश, तांब्याचा अंश असलेली माशांची औषधं टाकीपासून कायमची दूर, आहारात पालट, नोंदवहीत मागच्या कातीची तारीख, म्हणजे पुढचं बीळ बुजलं की घाबरायचं कारण उरत नाही. एवढं केलेल्या मालकाला कातीच्या दिवशी करायला काही उरलं नाही, तर त्याने काळजी नीट घेतली आहे असं समजावं.