हाताने वळता येणारे प्लॅस्टिक

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. माग बंद ठेवणे कोणालाच परवडत नाही. त्यामुळे लाकूड कुठे चालेल, लोखंड कुठे आणि नायलॉन कुठे, ही जाण माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या हातातच असते. आपल्या वर्गात मात्र ‘पदार्थांचे गुणधर्म’ हा धडा बऱ्याचदा व्याख्या पाठ करून संपतो. तो हाताने शिकता येईल असा एक पदार्थ आहे. त्याने मोडक्या वस्तूही दुरुस्त होतात.

या पदार्थाचे नाव पॉलिकॅप्रोलॅक्टोन. ‘पॉलिमॉर्फ’सारख्या नावांनी तो विकला जातो. १९३० च्या दशकात ड्यू पाँ या अमेरिकन कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाने तो अभ्यासला. नायलॉनही याच गटाचे. दिसायला हे साबुदाण्यासारखे पांढरे दाणे असतात. गरम पाण्यात टाकले की मऊ होतात, हाताने हवा तो आकार घेतात आणि निवल्यावर चिवट, कडक होतात.

करून पाहू या

स्टीलच्या भांड्यात साधे पाणी घेऊन त्यात दोन चमचे दाणे टाकू. दाणे बुडतात. पॉलिथिनच्या पिशवीचा तुकडा मात्र तरंगतो. म्हणजे दोन्ही ‘प्लॅस्टिक’ असली तरी त्यांची घनता वेगळी आहे. आता थोडे थोडे गरम पाणी ओतत जाऊ आणि तापमापीवर लक्ष ठेवू. ४० अंश सेल्सिअसला काहीच घडत नाही, ५० लाही फारसा फरक दिसत नाही. ६० अंशांच्या आसपास मात्र दाणे काचेसारखे पारदर्शक होतात आणि एकमेकांना चिकटतात.

६० अंशांचे पाणी काही सेकंदांत हात भाजू शकते. म्हणून पाणी शिक्षकांनीच ओतावे, गोळा चमच्याने काढावा, त्यात अडकलेले पाणी दाबून निथळू द्यावे आणि अर्ध्या-एक मिनिटाने हात लावावा. प्लॅस्टिकचे भांडे वापरू नये, गोळा त्याला चिकटू शकतो.

पांढरे का, पारदर्शक का?

या पदार्थाचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात. थंड असताना या साखळ्यांचा सुमारे निम्मा भाग नीट घड्या घालून रचलेला असतो, उरलेला सुताच्या गुंत्यासारखा. रचलेल्या आणि गुंतलेल्या भागांच्या सीमांवर प्रकाश विखुरतो, म्हणून दाणा पांढरा दिसतो. कुटलेला बर्फ पांढरा दिसतो तो याच कारणाने. ६० अंशांना घड्या सुटतात, सगळीकडे एकसारखा गुंता होतो आणि प्रकाश आरपार जातो.

खरी गंमत पुढे आहे. गोळा निवू लागला की तो ६० अंशांना लगेच पांढरा व्हायला हवा, पण तसे होत नाही. त्याच्याही बऱ्याच खाली, अगदी हाताला कोमट लागेपर्यंत तो मऊ राहतो. घड्या सुटायला वेळ लागत नाही, पण लांब साखळ्यांना पुन्हा रचना करायला वेळ लागतो. या विलंबामुळेच आपल्याला तो वळता येतो. तापवताना आणि निववताना पारदर्शकता कधी बदलली, याची नोंद विद्यार्थ्यांनी दोन रकान्यांत ठेवावी.

हेच प्लॅस्टिक पुन्हा गरम करून पुन्हा वळता येते. मेणही असेच वागते. भाकरी मात्र एकदा भाजली की तिचे पुन्हा पीठ होत नाही. कुकरच्या काळ्या मुठीला वापरतात ते बेकेलाइट या दुसऱ्या जातीचे. त्यातल्या साखळ्या एकमेकींना कायमच्या जोडल्या गेलेल्या असतात. तापवल्यावर ते मऊ होत नाही, फार तापवले तर करपते.

दुरुस्ती करताना

हा पदार्थ गोंद नव्हे. धातूला किंवा पॉलिथिनला तो नीट चिकटत नाही, म्हणून पकड रचनेतून मिळवावी लागते. मोडलेल्या भागाला भोके पाडावीत, कानशीने खाचा कराव्यात आणि मऊ गोळा त्यात दाबून पलीकडे काढावा. स्क्रू-ड्रायव्हरची तुटलेली मूठ, स्टुलाच्या पायाचे टोपण, कपाटाच्या खणाची मूठ यासाठी तो उत्तम. मागाच्या फणीतून ताण्याचे धागे ओढायची पातळ पत्र्याची पट्टी बोटांना काचते. तिला हाताच्या मापाची मूठ बसवता येईल. ज्या मुलाला पेन्सिल धरणे जड जाते, त्याच्या बोटांच्या ठशांची पकड त्याच्याच हातात दाबून तयार करता येते. बाजारात अशी मापाची वस्तू मिळणे कठीण. रुग्णालयांत हातासाठी आधारपट्ट्या बनवताना याच जातीचे प्लॅस्टिकचे पत्रे वापरतात. ते काम मात्र तज्ज्ञांचेच.

कुठे वापरू नये

जो गुण उपयोगी, तोच मर्यादाही ठरतो. कुकर, इस्त्री, चहाची किटली यांच्या मुठीला हे लावले तर ऐन वेळी मूठ मऊ होऊन उकळते भांडे हातातून सुटेल. वीज वाहणाऱ्या भागांना लावू नये: सैल जोड तापतो आणि प्लॅस्टिक ढळून तार उघडी पडते. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत ठेवलेली वस्तूही वाकू शकते. मागावर धोट्याला ठोकर देणारा भाग मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आदळतो. तिथे मार आहे आणि घर्षणाची उष्णताही. तिथे नायलॉनच हवे. ते सुमारे २२० अंशांपर्यंत वितळत नाही आणि मारही सोसते.

म्हणून दुरुस्तीआधी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला लावू: ही वस्तू किती तापते? तिच्यावर किती भार किंवा मार येतो? ती पुन्हा मोडली तर कोणाला इजा होईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर काळजीचे असेल तर दुरुस्ती सोडून नवा भाग आणावा.

उरलेले तुकडे फेकू नयेत, पुढच्या वेळी तेच वितळवता येतात. आणि वर्गासाठी एक प्रश्न: साबुदाणाही शिजल्यावर पारदर्शक होतो. पण निवल्यावर तो पुन्हा कोरडा पांढरा दाणा का होत नाही? या दोन ‘पारदर्शक होण्यां’त फरक काय, हे विद्यार्थ्यांनीच प्रयोग करून शोधावे.