हात वर केला, पण कशासाठी?

"बरं झालं बाई, शिवणवर्ग वाचला! मी तर हात चांगला उंच केला होता."

मंडईत मेथीची जुडी निवडता निवडता आमच्या मंडळातल्या एक वहिनी मला असं म्हणाल्या आणि माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. कारण शिवणवर्ग वाचला नव्हता. आदल्याच दिवशी कार्यकारिणीच्या सभेत तो बंद करायचं ठरलं होतं. निकाल मीच जाहीर केला होता, कारण अध्यक्षीण मीच. आणि या वहिनींचा हात मी 'बंद करा' म्हणणाऱ्यांत मोजला होता!

झालं होतं असं. आमच्या महिला मंडळाचा एक छोटासा हॉल आहे. तिथे रोज दुपारी शिवणवर्ग भरतो. सहा मशीन, चौदा मुली, आणि शिकवणाऱ्या बाई. या बाईंचं घर त्या वर्गाच्या फीवरच चालतं. पावसाळ्यात हॉलचं छप्पर गळायला लागलं, दुरुस्तीला पैसे नाहीत. एका मंडपवाल्यांनी हॉल गोदामासाठी मागितला, भाडंही बरं देत होते. खजिनदार काकूंचं म्हणणं होतं, देऊन टाका. त्यांचंही चूक नव्हतं. छपराखाली बादल्या ठेवून किती दिवस काढणार?

दुसऱ्या एका सभासद ताईंनी ठराव मांडला, "मंडळाचा हॉल भाड्याने देऊ नये." अनुमोदन मिळालं. चर्चा झाली, चहा आला, चहाबरोबर अजून चर्चा झाली. सगळ्यांना घरी जायची घाई. मी म्हटलं, "ज्यांना मान्य नाही त्यांनी हात वर करा." पाच हात वर आले. "मान्य असलेल्यांनी?" तीन हात. मी म्हटलं, ठराव नामंजूर, म्हणजे हॉल द्यायचा. सभा संपली.

आता तुम्हीच सांगा मैत्रिणींनो, 'देऊ नये' हे 'मान्य नाही' म्हणजे नेमकं काय? मंडईतल्या वहिनींना वाटलं, हॉल देणं मान्य नाही म्हणून हात वर करायचा. आणखी एकीला फोन करून विचारलं, तिचंही तेच. म्हणजे पाचातले दोन हात उलटे पडले होते. खरं मत पाच विरुद्ध तीन होतं, पण वर्ग राहावा या बाजूने!

मी धावत सचिव ताईंकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "एवढं काय त्यात? प्रोसिडिंग अजून कच्चंच आहे. व्हाइटनर लावते, पाचाचे तीन करते." खरं सांगते, मीही क्षणभर हो म्हणाले. चूक माझी होती आणि ती कुणाला न कळता पुसली जाणार असेल तर कुणाला नको असतं?

पण घरी आल्यावर चैन पडेना. आमच्या शेजारी एक भाऊ राहतात, ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर सभा आणि ठराव लिहिण्यातच गेलेलं. त्यांना सगळं सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "वहिनी, व्हाइटनर लावू नका. सभेत जे झालं तेच लिहा. आणि मला एक सांगा, 'देऊ नये' हा ठराव पडला, मग मंजूर काय झालं?"

"हॉल द्यायचं," मी म्हटलं.

"कसं? तसा ठराव कुणी मांडला होता?"

मी गप्पच झाले. खरंच की! 'करू नये' हा ठराव फेटाळला म्हणून 'करावे' हा ठराव आपोआप मंजूर होत नाही. मंजूर काहीच झालेलं नसतं. म्हणूनच जाणकार सांगतात की ठराव नेहमी होकारार्थी मांडावा. 'हॉल अमुक यांना अमुक भाड्याने द्यावा' असं असतं तर वर्ग राहावा असं वाटणाऱ्यांनी सरळ विरोधात हात वर केले असते, एवढा घोळच झाला नसता.

त्या दिवसापासून मी या विषयामागेच लागले. आपल्या पंचायतींत १९९३ पासून एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत. शिवाय बचत गट, पतसंस्था, सोसायटी, शाळेच्या समित्या आहेतच. आपण आता सभेत बसतो, अध्यक्षही होतो. पण मत चुकलं तर काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. (सरपंच बाईंच्या शेजारी बसून त्यांचे 'हे'च हात वर करतात, हा प्रकार मी स्वतः पाहिलाय. तो हात मोजायचाच नसतो, कारण त्या हाताला मतच नाही.)

अशी फजिती पुरुषांचीही होते बरं का! अमेरिकेच्या लष्करात हेन्री मार्टिन रॉबर्ट नावाचे इंजिनिअर होते. १८६३ साली न्यू बेडफर्ड गावात चर्चमधल्या एका सभेचं अध्यक्षपद अचानक त्यांच्या गळ्यात पडलं. सभा कशी चालवायची हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांची पुरती तारांबळ उडाली. त्यानंतर त्यांनी सभाशास्त्राचा अभ्यास केला आणि १८७६ मध्ये नियमांचं पुस्तक काढलं. अमेरिकेतल्या असंख्य संस्था आजही ते पुस्तक प्रमाण मानतात. आपल्याकडे तो कायदा नाही. आपल्याला आपली घटना, आपले उपविधी, आपला कायदा आधी. पण ते जिथे गप्प असतात तिथे त्या पुस्तकातला विचार उपयोगी पडतो. आमच्या मंडळाची घटना या बाबतीत एक अक्षर बोलत नाही.

त्यातला मला सगळ्यात पटलेला मुद्दा वेळेचा. चूक केव्हा लक्षात आली, त्यावर उपाय ठरतो. निकाल जाहीर व्हायच्या आत लक्षात आली तर काहीच अवघड नाही. 'माझा हात चुकून वर गेला, माझं मत विरोधात धरा' एवढं म्हटलं की झालं. आपल्या लोकसभेतही हेच आहे. खासदाराने चुकीचं बटण दाबलं तर निकाल जाहीर होण्यापूर्वी सांगून ते दुरुस्त करता येतं, आणि फलकावर आकडे आले तरी अध्यक्ष 'दुरुस्तीच्या अधीन राहून' असं म्हणूनच निकाल सांगतात. एवढे शिकलेसवरलेले लोक बटण चुकतात, मग आपल्याला हात चुकल्याची लाज कशाला? पण आपण लाजतो. शेजारणीच्या कानात पुटपुटतो, "अगं, मला तसं नव्हतं म्हणायचं," आणि गप्प बसतो. तेच उठून म्हणायचं असतं. आणि १७ एप्रिल १९९९ ला २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने केंद्रातलं सरकार पडलं होतं, तेव्हा एका हाताने काय फरक पडतो असं म्हणायची सोय नाही.

मोजणीबद्दल शंका असेल तर तिथल्या तिथे 'पुन्हा मोजा' म्हणावं. रॉबर्टसाहेबांच्या नियमात एका सभासदाने मागणी केली तरी अध्यक्षाला सगळ्यांना उभं करून पुन्हा मत घ्यावं लागतं.

निकाल जाहीर झाला, पण सभा चालूच आहे, आणि कुणाला वाटलं की आपण घाई केली, तर विषय पुन्हा विचारासाठी घेता येतो. पण तिथे एक गंमत आहे. ही सूचना जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या सभासदानेच करायची असते. का? तर हरलेल्यांनी तोच तोच विषय उकरून काढून सभा संपूच देऊ नये म्हणून. मला हे फार आवडलं. ज्यांचं मत बदललं त्यांनीच उठून सांगावं.

आणि सभा संपून सगळ्या घरी गेल्यावर कळलं तर? मग अध्यक्ष, सचिव आणि एखादी वजनदार काकू अशा तिघींनी ओट्यावर बसून निर्णय फिरवायचा नाही. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तो विषय स्पष्ट लिहायचा आणि सगळ्यांसमोर नवा ठराव करायचा. आधी नोटीस दिली असेल तर जुना ठराव रद्द करायला साधं बहुमत पुरतं, आणि न सांगता ऐन वेळी आणला तर दोन तृतीयांश मतं लागतात, असं रॉबर्टचं पुस्तक सांगतं. आपल्याकडे काही संस्थांच्या उपविधींत ठरावीक महिने उलटल्याशिवाय जुना ठराव रद्द करायला आणताच येत नाही. तेव्हा आपले उपविधी आधी वाचा. 'ऐन वेळचे विषय' या सदरात तर असलं काही घुसडूच नका. जी बाई त्या दिवशी लग्नाला गेली असेल तिला फसवल्यासारखं होतं ते.

मत द्यायचा अधिकार नसलेल्याने मत दिलं, हीही नेहमीची गोष्ट. सुनेला बरं नाही म्हणून सासूबाई सभेला येतात आणि हात वर करतात. सहकारी संस्थांच्या कायद्यात, म्हणजे १९६० च्या, स्पष्ट आहे की सभासदाने मत स्वतः द्यायचं, बदली माणूस चालत नाही. असं मत पडलंच तर बघायचं की ते वजा केल्यावर निकाल बदलतो का. दहा विरुद्ध दोन असेल तर बदलत नाही, निकाल राहतो. एका मताचा फरक असेल तर मत पुन्हा घ्यावं हे बरं. संसदेपुरतं मात्र राज्यघटनेच्या १००व्या अनुच्छेदात वेगळं आहे. अधिकार नसलेला कुणी मत देऊन गेल्याचं मागाहून कळलं तरी कामकाज वैधच राहतं. देशाचे कायदे असे लटकत ठेवता येत नाहीत म्हणून असेल.

आणि गप्प बसलेल्या बायका? आमच्याकडे 'मौन म्हणजे संमती' म्हणून त्या मंजुरीत धरायची पद्धत होती. ती चूक. तटस्थ म्हणजे तटस्थ, इकडेही नाही, तिकडेही नाही.

आता प्रोसिडिंगचं. भाऊंनी मला एक फरक समजावला, तो तुम्हालाही सांगते. मतं तीन पडली आणि सचिवांनी चुकून पाच लिहिली, तर ती लिहिण्याची चूक. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करताना ती सर्वांसमोर दुरुस्त होते. पण पाच हात खरंच वर आले होते आणि समजण्यात घोटाळा होता, तर इतिवृत्तात पाचच राहणार. तो आकडा बदलणं म्हणजे दुरुस्ती नाही, खोटं लिहिणं आहे. आज चांगल्या कामासाठी व्हाइटनर लावला तर उद्या दुसरं कुणी दुसऱ्या कामासाठी लावेल.

पण आमची गोष्ट एवढ्यावर थांबली नव्हती. माझ्या त्या निकालावर विसंबून काकूंनी दुसऱ्याच दिवशी मंडपवाल्यांकडून पाच हजार रुपये अनामत घेतली होती. त्यांनी कनातींचे दोन मोठे गठ्ठे आणून हॉलच्या कोपऱ्यात टाकलेही होते. शिवणाच्या बाईंनी मुलींना 'उद्यापासून येऊ नका' सांगून टाकलं होतं.

मी आधी काकूंकडे गेले. त्या चिडल्या. "म्हणजे आता मी खोटी पडणार गावात!" मी म्हटलं, "काकू, खोटी मी पडणार. निकाल मी चुकीचा सांगितला, तुम्ही त्यावर विश्वास ठेवलात." त्या काही बोलल्या नाहीत, पण चहा केला.

घटनेप्रमाणे सात दिवसांची नोटीस काढली. पहिला विषय नेहमीचा, इतिवृत्त कायम करणे. दुसरा, मागील सभेतील मतदानाबाबत अध्यक्षांचे निवेदन. तिसरा, हॉल भाड्याने देणे. चौथा, घेतलेली अनामत. सभेत उभं राहून मी जे झालं ते सांगितलं. पाय कापत होते. मग काकूंनाच विनंती केली की तुमचा ठराव तुम्हीच मांडा, सरळ शब्दांत. "मंडळाचा हॉल गोदामासाठी भाड्याने द्यावा." मी तो दोनदा वाचला. मत घेण्याआधी म्हटलं, "हॉल द्यावा असं ज्यांना वाटतं त्यांनी आता हात वर करा." चार. "हॉल देऊ नये असं ज्यांना वाटतं त्यांनी?" पाच. मागच्या वेळी न आलेल्या एक सभासद या वेळी आल्या होत्या आणि त्यांचं मत काकूंच्या बाजूने होतं. निकाल जाहीर करण्याआधी मी विचारलं, "कुणाचा हात चुकला का?" सगळ्या हसल्या. कुणाचा चुकला नव्हता.

अनामत परत करायचा ठराव एकमताने झाला. मंडपवाले रागावले, टेंपोचं जाण्यायेण्याचं भाडं मागून घेतलं, तेही मंडळाने दिलं. काकू अजूनही म्हणतात की छपराचं काय? त्याला माझ्याकडे उत्तर नाही, बादल्या आहेत.

मधल्या बारा दिवसांत वर्ग बंद होता. सुरू झाला तेव्हा चौदापैकी बारा मुली आल्या. राहिलेल्या दोघींच्या घरी शिवणाच्या बाई आणि मी जाऊन आलो. एक दिवाळीनंतर आली. दुसरीने तोवर तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात काम धरलं होतं.