उताणं बाळ, पालथा सल्ला

चार-पाच महिन्यांचं बाळ एका सकाळी धडपडत कुशीवर वळतं, अंगाखाली अडकलेला हात सोडवतं आणि मान उचलून इकडेतिकडे बघतं. घरात एकच गलका होतो, "पालथी पडली गं!" आजोळी फोन जातो. आपल्याकडे ही बातमी होते, कारण त्याआधीचे सगळे दिवस बाळ उताणंच निजलेलं असतं. पाळण्यात, झोळीत, आईशेजारी अंथरलेल्या गोधडीवर, पाठ टेकून. असं का, हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पोटावर निजवायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं, इतकंच.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांनी मात्र बाळाला झोपताना पालथं केलं, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. त्या सल्ल्याची हकिकत मी गेलं वर्षभर वाचते आहे. वाचताना अनेकदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

रात्री दूध पिऊन शांत झोपलेलं बाळ सकाळी उठतच नाही. ताप नव्हता, खोकला नव्हता. शवविच्छेदनातही कारण सापडत नाही. इंग्लंडमध्ये याला 'कॉट डेथ' म्हणत. १९६९ साली सिएटलच्या परिषदेत तज्ज्ञांनी 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम' असं नाव ठरवलं. असे बहुतेक मृत्यू दोन ते चार महिन्यांच्या वयात होतात, सहा महिन्यांनंतर ते फार कमी होतात. त्या आयांना शेजारपाजारचेच नव्हे, पोलीसही प्रश्न विचारत. सॅली क्लार्क या इंग्लंडमधल्या वकील बाईंची दोन तान्ही मुलं अशी गेली. १९९९ मध्ये न्यायालयाने तिला खुनी ठरवलं. एका घरात असे दोन मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असं तज्ज्ञ साक्षीदाराने सांगितलं होतं. हे गणितच चूक आहे, असं रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर केलं. २००३ मध्ये ती निर्दोष सुटली. चारच वर्षांनी वारली.

पालथं निजवण्याचा सल्ला घरोघर पोचवणाऱ्यांत डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं नाव मोठं आहे. १९४६ साली निघालेलं त्यांचं बालसंगोपनाचं पुस्तक अमेरिकेत असंख्य घरांत होतं. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्तीपासून त्यांनी बाळाला पोटावर झोपवण्याची सवय लावा असं सुचवलं. कारणं दोन. उताणं बाळ ओकलं तर ती उलटी घशात अडकेल, आणि डोक्याची मागची बाजू चपटी होईल. स्पॉक प्रेमळ माणूस होता, त्याला बाळांचं भलंच हवं होतं. पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दवाखान्यात पालथं ठेवलं तर श्वास बरा चालतो, असं दिसलं. तिथे नर्स चोवीस तास लक्ष ठेवून असते, पण ती रीत घरच्या धडधाकट बाळांनाही लागू केली गेली.

उलटी अडकण्याची भीती आपल्या आयांनाही वाटते, म्हणून तिच्याकडे नीट बघू या. श्वासनलिका पुढे असते आणि अन्ननलिका मागे, पाठीच्या बाजूला. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर येते, अन्ननलिका खाली. वर आलेलं दूध आपल्या वजनाने खाली, म्हणजे अन्ननलिकेकडेच परततं. बाळ पालथं झालं की हेच उलटं होतं आणि दूध श्वासनलिकेच्या तोंडाशी साचू शकतं. भीती खरी होती, पण तिच्यावरचा उपाय नेमका उलट्या दिशेचा होता.

पालथ्या बाळाचं नाक गादीत रुतलं की सोडलेलाच श्वास ते पुन्हा घेत राहतं. कार्बन डायऑक्साइड वाढतो, प्राणवायू घटतो. अंगातली उष्णताही कोंडते. तुमच्याआमच्या बाबतीत अशा वेळी मेंदू खडबडून जागा होतो आणि आपण मान वळवतो. काही तान्ह्या बाळांमध्ये मेंदूच्या तळाशी असलेली ही जागं करणारी यंत्रणा अजून कच्ची असते. बोस्टनच्या डॉ. हॅना किनी यांनी दगावलेल्या बाळांच्या मेंदूंचा वर्षानुवर्षं अभ्यास करून तिथल्या सेरोटोनिनच्या व्यवस्थेत दोष दाखवून दिला. असं बाळ बाहेरून ओळखता येत नाही. म्हणूनच प्रत्येक बाळाला उताणं निजवायचं.

मला सगळ्यात जास्त छळतात त्या तारखा. न्यूयॉर्कच्या हॅरल्ड अब्रॅमसन यांनी १९४४ मध्येच नोंदवलं होतं की झोपेत गुदमरलेली बहुतेक बाळं पालथी सापडली. १९८५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डी. पी. डेव्हिस यांनी हाँगकाँगमध्ये असे मृत्यू इतके विरळ का, असा प्रश्न मांडला. तिथली चिनी कुटुंबं बाळाला उताणं निजवत होती. ॲडलेडच्या सुझन बील मृत बाळांच्या घरी स्वतः जाऊन माहिती घेत आणि पालथं झोपवू नका म्हणून सांगत. नेदरलँड्समध्ये सत्तरीच्या दशकात पालथं झोपवण्याची लाट आली तसे मृत्यू वाढले, १९८७ मध्ये सल्ला बदलला तसे घटले. न्यूझीलंडमध्ये एड मिचेल आणि ब्रिस्टलमध्ये पीटर फ्लेमिंग यांच्या आकड्यांनी शंकेला जागाच ठेवली नाही.

तरीही ब्रिटनचं सरकार सुस्त होतं. जुलै १९९१ मध्ये टीव्हीवरच्या लोकप्रिय निवेदिका ॲन डायमंड यांचा मुलगा सेबास्टियन पाळण्यात गेला. न्यूझीलंडने जे ओळखलं ते आपल्याकडे आईबापांना कुणी सांगितलंच नाही, हे त्यांना कळलं आणि त्यांनी मंत्र्यांचा पिच्छा पुरवला. त्याच डिसेंबरात 'बॅक टू स्लीप' मोहीम सुरू झाली. अमेरिकेत तशीच मोहीम १९९४ मध्ये निघाली. दोन्ही देशांत पुढच्या काही वर्षांत हे मृत्यू साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. ना नवं औषध, ना लस, ना यंत्र. बाळाची कूस बदलली, एवढंच.

२००५ मध्ये रूथ गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी जुने सगळे अभ्यास एकत्र तपासले. पालथं झोपवणं घातक आहे हे १९७० सालीच आकड्यांवरून ठरवता आलं असतं, असं त्यांना आढळलं. तेव्हाच कुणी ते एकत्र मांडले असते, तर ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड धरून किमान ५०,००० बाळं वाचली असती. आकडे कपाटात होते आणि पुस्तकं छापली जात होती.

मग आपली रीतच बरोबर होती, म्हणून निर्धास्त राहायचं का? तसं मला म्हणवत नाही. उताणं निजवण्याची रीत सुदैवाने योग्य निघाली, पण तिच्याभोवती आपण बरंच काही जमवलं आहे. नातवासाठी परदेशी निघालेल्या आजीच्या बॅगेत मोहरीची उशी असते, डोकं गोल व्हावं म्हणून. स्पॉकलाही नेमकी हीच काळजी होती! डोक्याचा आकार बहुधा आपोआप सुधारतो. बाळ जागं असताना, डोळ्यांसमोर, थोडा वेळ पालथं खेळवलं तरी पुरतं. झोपेत मात्र उशी नको. मऊ लोड, खेळणी, तोंडावर येईल अशी दुलईही नको. सपाट, टणक अंथरूण पुरे. पातळ गादीवर किंवा सतरंजीवर घट्ट पसरलेली गोधडी यात अगदी चोख बसते.

बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी हा त्याहून गंभीर विषय. शेक, ओव्याची धुरी, बंद खिडक्या. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो. शेक घ्यायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवून घ्यावा, आणि झोपण्याआधी शेगडी खोलीबाहेर जावी. विडी-सिगारेटचा धूर तर त्या खोलीत कधीच नको. गळ्यातले काळे मणी आणि ताईत निजवताना काढून ठेवावेत. काळजीपोटी बांधलेला दोराच फासाचं काम करू शकतो.

उबेबाबत थोडं सांभाळून बोलायला हवं. कमी वजनाच्या नवजात बाळाला थंडी मारते. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गडचिरोलीत घरोघरी नवजात बाळांची जी काळजी सुरू केली, तिच्यात बाळाला उबदार ठेवण्यावर फार भर होता. १९९९ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं मांडलं. पण तीन महिन्यांच्या गुटगुटीत बाळाला एप्रिलच्या रात्री टोपरं, कुंची आणि दोन दुपटी घालून निजवणं वेगळं. त्याच्या मानेला हात लावून पाहावा. घाम असेल तर एक कपडा कमी.

राहिली झोळी. उसाच्या फडाच्या कडेला बाभळीला बांधलेल्या लुगड्यात बाळ निजलेलं मी पाहिलं आहे. खाली मुंग्या, विंचू, कुत्री. त्या आईला मी कशाच्या जोरावर नको म्हणू? पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि कोवळी श्वासनलिका दुमडते. वर आडवी काठी घालून कापड फाकलेलं ठेवावं, हनुवटी दिसत राहावी, आणि घरी आल्यावर बाळ सपाट जागी निजवावं. थोरल्या भावंडांना झोळीत झोके घेऊ देऊ नयेत; कापडाचा पीळ मानेला बसून मुलं गेल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत.

बाळ आईच्याच खोलीत असावं, निदान पहिले सहा महिने. याबाबत जगभरचे तज्ज्ञ आणि आपल्या आज्या एकमताने बोलतात. अंथरूण एकच असावं का, यावर वाद आहे. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ वेगळ्या जागेचा आग्रह धरतात. माझ्या मते, आईच्या हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या सपाट अंथरुणावर, हे आपल्या घरांना सहज जमण्यासारखं आहे. सोफ्यावर बाळाला कवटाळून डुलकी घेणं मात्र सर्वांत धोक्याचं. घरात कुणी दारू पिऊन झोपत असेल, तर बाळ त्याच्या अंथरुणात कधीच असू नये.

आणि मग ती सकाळ येते. बाळ वळण्याची धडपड करू लागलं की त्याच दिवसापासून दुपट्यात घट्ट गुंडाळणं बंद. निजवताना उताणंच ठेवायचं. पण उताण्याचं पालथं आणि पालथ्याचं उताणं होणं त्याला आपलं आपण जमू लागलं, की रात्री दर तासाला उठून त्याला सरळ करत बसायची गरज नाही. फक्त अंथरुणावरचं सगळं उचलून ठेवा. हात मोकळे हवेत, आजूबाजूची जागा मोकळी हवी, आणि आई पलीकडे निजलेली हवी.