कोलेस्टेरॉलची गोळी आणि पायांचे दुखणे

सकाळचे पोहे-जिलबी आणि रात्रीचा सराफा यांच्याशी इंदूरच्या मराठी घरांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. अलीकडे त्या नात्यात रात्री निजताना घ्यावयाच्या एका लहानशा गोळीची भर पडली आहे. ती म्हणजे कोलेस्टेरॉल उतरविणारी 'स्टॅटिन' वर्गातील गोळी.

आमच्या परिचयातील एक वयोवृद्ध गृहस्थ हृदयविकाराच्या झटक्यातून बचावले. पुढे त्यांच्या पोटऱ्या दुखू लागल्या. त्यातच 'ही गोळी स्नायू खाते' असा मजकूर भ्रमणध्वनीवर आला आणि त्यांनी कोणालाही न विचारता ती बंद केली. घरच्यांना हे कळले तीन महिन्यांनी!

त्यांची भीती अगदीच निराधार होती काय? तसे म्हणता येणार नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांनी १९७३ च्या सुमारास एका बुरशीतून या वर्गातील पहिले द्रव्य मिळविले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या विकराला ही औषधे आवर घालतात. १९८७ मध्ये त्यांपैकी लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु २००१ मध्ये सेरिव्हास्टॅटिन हे औषध स्नायूंचा विनाश होऊन रुग्ण दगावल्यामुळे बाजारातून मागे घ्यावे लागले. आज वापरात असलेल्या गोळ्यांनी असे क्वचितच घडते.

२०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये या लाभहानीचा ताळेबंद प्रसिद्ध झाला. हृदयविकार जडलेल्या १०,००० रुग्णांनी प्रभावी मात्रा पाच वर्षे घेतल्यास सुमारे १,००० जणांवरील झटका वा पक्षाघातासारखा आघात टळतो. उलटपक्षी, स्नायूंची गंभीर इजा सुमारे ५ जणांना, मेंदूतील रक्तस्राव ५ ते १० जणांना आणि नवा मधुमेह ५० ते १०० जणांना संभवतो.

मग एवढ्या लोकांचे पाय का दुखतात? २०२२ च्या एका मोठ्या पाहणीत स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्क्यांनी, तर निव्वळ फसवी गोळी घेणाऱ्यांपैकीही २६.६ टक्क्यांनी स्नायूंच्या तक्रारी सांगितल्या. वेदना खरीच असते. परंतु तिचे कारण बहुधा वय, श्रम वा मनातील धास्ती असते.

म्हणून वाचकांना आमची विनंती अशी, की दुखणे लपवू नये आणि गोळीही परस्पर बंद करू नये. स्नायूंत तीव्र वेदना वा अशक्तपणा आला, लघवी गडद तपकिरी झाली अथवा कावीळ दिसली, तर त्वरित डॉक्टरांना गाठावे. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक सुरू होत असल्यास या गोळीचा उल्लेख अवश्य करावा. गर्भवतींनी डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ती घेऊ नये. गोळीऐवजी गुग्गुळ घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की २००३ च्या अमेरिकेतील चाचणीत गुग्गुळाच्या अर्काने घातक कोलेस्टेरॉल उतरले नाही. उलट किंचित चढले.

त्या गृहस्थांना मुलाने डॉक्टरांकडे नेले. रक्ततपासणीत स्नायूंना इजा आढळली नाही. डॉक्टरांनी त्याच वर्गातील दुसरी गोळी अल्प मात्रेत सुरू केली. पोटऱ्या अधूनमधून आजही कुरकुरतात. पण गोळी मात्र चुकत नाही.