शिवराईवरची 'चूक' खरी की बनावट?

घोरावाडीहून, म्हणजे तळेगावच्या शेजारून बोलतोय. आजचा विषय शिवराई. 'एरर कॉइन आहे, दुर्मिळ आहे' म्हणत मोबाइलवर कुणी जास्त पैसे मागत असेल, तर आधी हा भाग ऐका.

शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ती मशिनवर नाही, हातानं पाडली जायची. तांब्याची चकती दोन ठशांमध्ये ठेवायची आणि वरून हातोडा मारायचा. चकती बऱ्याचदा ठशापेक्षा लहान असायची. त्यामुळे 'श्री' अर्धा कापला गेला किंवा 'पति' कडेला सरकला, तर ती दुर्मिळ चूक नाही. शिवराया बहुतेक अशाच असतात! त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

मग खरी चूक कोणती? तीन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला, दुहेरी ठसा. दोन घावांमध्ये नाणं हललं की तीच अक्षरं थोडी सरकून पुन्हा उमटतात.

दुसरा, आरशातला ठसा. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचा मजकूर येतो आणि दुसऱ्या बाजूला तोच मजकूर उलटा आणि खोलगट. ही मात्र क्वचित सापडते.

तिसरा, ठसा कोरणाऱ्याची चूक. एखादं अक्षर उलटं कोरलं गेलं, तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर ते तसंच येणार. आणि हो, 'शिव'च्या जागी 'सिव' दिसलं तर दचकू नका. स्पेलिंगचे असे फरक शिवराईवर भरपूर आहेत.

आता तपासायचं कसं? मोबाइलचा टॉर्च नाण्यावर तिरका धरा. ठशानं उमटलेली रेघ उठावदार असते, तिच्या कडा गोलसर. नंतर कुणी कोरलेली रेघ खोल आणि धारदार असते, आत तांबं ताजं चमकतं. बाकी नाणं काळपट आणि 'चूक' तेवढी चकचकीत, तर समजून जा! कडेला जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर नाणं साच्यात ओतलेलं असू शकतं. चुंबकाला चिकटलं तर ते तांबं नाहीच.

एक विनंती. चिंच किंवा लिंबानं घासू नका. तो काळपट थर म्हणजे नाण्याचा पुरावा. तो गेला की खऱ्या नाण्याची किंमतही उतरते.

आणि 'रिझर्व्ह बँकेचा टॅक्स भरा, मग नाणं विकून देतो' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. बँक असे व्यवहार करत नाही. तसा इशारा तिनं ऑगस्ट २०२१ मध्येच दिलाय.

आजीच्या डब्यात शिवराई असेल तर आज रात्री टॉर्च लावून बघा. भेटू पुढच्या भागात!